शाई लागण्याआधी

मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी असते. नवरा, दीर, जाऊ, गावची माणसं, पोलिंग एजंट, सगळे त्या आडोशाच्या अलीकडे थांबतात. मी कोणतं बटण दाबलं हे सांगायची सक्ती माझ्यावर कुणी करू शकत नाही, कायद्यानंच मला तेवढी मोकळीक दिली आहे. त्या हातभर जागेचा मला अभिमान वाटतो. पण गेल्या काही निवडणुकांपासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. त्या आडोशामागे जाताना माझ्या मनात जे ठरलेलं असतं, ते मी ठरवलेलं असतं का? की हातातल्या फोननं महिनाभर आधीच ते माझ्यासाठी ठरवलेलं असतं?

हा प्रश्न दुसऱ्यांबद्दल विचारणं सोपं आहे. लोक व्हॉट्सअॅपवर विश्वास ठेवतात, पोरं रील बघून मत देतात, असं आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्यात आपण स्वतः कुठेच नसतो. म्हणून आज तो प्रश्न मला स्वतःला विचारायचा आहे आणि उत्तर गुळगुळीत करायचं नाही.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाडीतलं, सासर महाड तालुक्यातल्या गावातलं. दोन्हीकडे घरटी कुणी ना कुणी मुंबईला आहे. गिरण्यांच्या काळात आमची माणसं परळ-लालबागच्या खोल्यांत दाटीवाटीनं एकत्र राहिली, त्यांची पुढची पिढी दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला गेली. गावाचे निम्मे निर्णय देवळात होतात आणि निम्मे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या, म्हणजे मुंबई मंडळाच्या बैठकीत. पूर्वी मंडळाचा निरोप पत्रानं यायचा, नाहीतर रातराणी एसटीनं येणाऱ्या माणसाबरोबर. निवडणूक आली की जीपवरचा कर्णा, भिंतीवर रंगवलेलं चिन्ह आणि तालुक्याच्या नेत्याची एखादी सभा, एवढाच प्रचार. आता ग्रामस्थ मंडळाचा ग्रुप आहे, भावकीचा आहे, बचत गटाचा आहे, दहावीच्या वर्गाचा आहे आणि पक्षाच्या शाखेचा तर आहेच. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. ज्या वाडीत रेंजसाठी टेपावर चढून उभं राहावं लागतं, तिथलीही माणसं टेपावर उभी राहून मुंबई-दिल्लीचं राजकारण बघू लागली.

या फोनचं ऋण मी नाकारत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरू शकत नाहीत. सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या, वीज गेली, फोन मुके झाले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं त्याखाली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरड आली. मुंबईत बसलेल्यांना आपलं माणूस जिवंत आहे की नाही हे कळत नव्हतं. रेंज परत आली तेव्हा याच ग्रुपांवरून कोण कुठे आहे, कुठे पाणी हवं, कुठे औषध हवं, कुठला रस्ता सुरू झाला, हे सगळं कळत गेलं. त्या दिवसांत ग्रुपवर कुणी कुणाचा पक्ष विचारला नव्हता. त्यामुळे दोष सगळा यंत्राच्या माथी मारून मला मोकळं होता येत नाही. तेच यंत्र आम्ही चांगलं वापरू शकतो, हे आम्हीच दाखवून दिलं होतं.

आणि त्यानंतर महिनाभरातच काय घडलं, तेही आठवायला हवं. २३ ऑगस्ट २०२१ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांची जनआशीर्वाद यात्रा महाडला आली. पत्रकार परिषदेत त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविषयी एक विधान केलं. त्यावरून दुसऱ्या दिवशी संगमेश्वरजवळ त्यांना अटक झाली, रात्री महाडच्या न्यायालयात आणलं गेलं, जामीन मिळाला. त्या दोन दिवसांत राज्यातल्या प्रत्येक फोनमध्ये महाड होतं. मीही ते विधान पुन्हा पुन्हा ऐकलं, त्यावरचे वाद वाचले, रात्री उशिरापर्यंत न्यायालयाबाहेरची दृश्यं पाहिली. तेव्हा बाजारपेठेतल्या कितीतरी दुकानांच्या भिंती अजून ओल्या होत्या. तळियेतली वाचलेली माणसं कुठे राहणार हा प्रश्न तसाच होता. सावित्रीतला गाळ कोण काढणार, धोक्यातल्या वाड्यांचं काय, हेही प्रश्न तसेच होते. सगळा महाराष्ट्र महाडकडे बघत होता, पण पुरात बुडालेलं महाड त्यात कुठेच नव्हतं. मला याचं दुःख आहे, कारण माझे डोळेही तिकडेच होते. माझ्या गावचं दुःख मला रोज दिसत होतं आणि तरी फोननं दाखवलेलं भांडण मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

सोशल मीडियाचा निवडणुकीवर परिणाम होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं. फोन माझं मत एका रात्रीत फिरवत नाही. मत इथे अजूनही भावकी, वाडी, एमआयडीसीतली नोकरी, कुणी रस्ता केला, कुणी मयतीला खांदा दिला, यावर बरंचसं ठरतं. एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या वेळी, राज ठाकरे यांनी महाडला सभा घेतली होती. त्यांच्या पक्षाचा उमेदवारही रिंगणात नव्हता. मंचावर मोठा पडदा होता आणि सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणं, जुने दावे ते एकेक करून दाखवत होते. त्या सभांचे तुकडे महाराष्ट्रभर फिरले. नेत्याचं आजचं बोलणं कालच्या बोलण्याशी ताडून बघायचं, ही सवय लोकांना त्यातून लागली असेल तर ती चांगलीच म्हणायची. पण निकाल काय लागला? रायगडमधून विरोधी बाजूचे सुनील तटकरे निवडून आले खरे, पण राज्यात ४८ पैकी ४१ जागा सत्ताधारी भाजप-शिवसेना युतीलाच मिळाल्या. लाखोंनी पाहिलेला व्हिडिओ म्हणजे लाखो मतं नव्हेत.

मग 'माझ्या एका फॉरवर्डनं काय होतंय' हे समाधान खरं मानायचं का? तेही मानता येत नाही. २०१४ ची लोकसभा निवडणूक आठवते. रायगडमध्ये अनंत गीते आणि सुनील तटकरे यांच्यात अवघ्या २,११० मतांचा फरक पडला. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष उमेदवार होते, त्यांना ९,८४९ मतं पडली. सहा विधानसभा मतदारसंघांच्या एवढ्या मोठ्या लोकसभा मतदारसंघाचा निकाल दोन-चार गावांच्या मतांवर येऊन थांबला होता. जिथे फरक एवढा बारीक असतो, तिथे एका तालुक्यातल्या दोन हजार माणसांच्या मनात शेवटच्या दोन दिवसांत घातलेला संशय पुरेसा होऊ शकतो. तो संशय मी पाठवला असेल तर माझा हात लहान होता, असं म्हणून मला सुटता येणार नाही.

म्हणून परिणाम मोजायचा तर तो मताच्या आकड्यात मोजण्याआधी मनाच्या ठेवणीत मोजायला हवा, असं मला वाटतं. फोन मला काय बघायचं ते सांगतो, कशाचा राग धरायचा ते सांगतो, कशाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल तेही सांगतो. हळूहळू मी प्रश्न विचारणं थांबवते आणि बाजू घेणं सुरू करते.

बाजू घेतलेलं मन कसं चालतं, हे मी स्वतःत पाहिलं आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. आमचे आमदार भरत गोगावले त्या घडामोडींच्या मध्यभागी होते. गावोगावच्या शाखा दुभंगल्या, एका ग्रुपचे दोन ग्रुप झाले, सख्खे चुलत भाऊ दोन वेगळ्या ग्रुपांत गेले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रतोद म्हणून गोगावले यांची नेमणूक बेकायदा होती, असं न्यायालयानं म्हटलं. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालात होतं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला गेला. निकाल एकच, पण एका ग्रुपवर त्याचा पहिला भाग फिरत होता आणि दुसऱ्या ग्रुपवर दुसरा. दोन्हीकडे गुलालाचे फोटो. खोटं कुणीच बोलत नव्हतं आणि सगळं खरं कुणीच सांगत नव्हतं. मी माझ्या मनाला विचारलं, तुला कोणता भाग आधी वाचावासा वाटला? उत्तर लगेच मिळालं. माझ्या आवडत्या बाजूचा.

हे मला खोट्या बातमीपेक्षा जास्त भीतीचं वाटतं. खोटी बातमी आज ना उद्या उघडी पडते. निवडून घेतलेलं अर्धं खरं उघडं पडत नाही, कारण ते खरंच असतं. समोरच्या बाजूचा मेसेज आला की माझी शंका लगेच जागी होते. फोटो जुना असेल, आवाज दुसऱ्याचा असेल, पूर्ण व्हिडिओ कुठे आहे, हे प्रश्न मला आपोआप सुचतात. माझ्या बाजूचा मेसेज आला की तीच शंका गाढ झोपते. माझा प्रामाणिकपणा तपासायचा असेल तर समोरच्याच्या खोटेपणावर मी किती संतापते हे बघून काही कळणार नाही. माझ्याच बाजूनं फिरणाऱ्या, मला सोयीच्या असलेल्या गोष्टीपाशी मी थांबते का, एवढंच बघायला हवं. सदसद्विवेकबुद्धीची खरी परीक्षा तिथेच आहे आणि तिथे दुसरा कुणी परीक्षक नसतो.

अशा न तपासलेल्या सांगोवांगीची किंमत माणसं जिवानं मोजतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी म्हणून आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. फोनवरून फिरणाऱ्या अफवांनी लोकांची मनं आधीच पेटलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जी मर्यादा माझ्या विवेकानं घालायला हवी होती, ती एका कंपनीला घालावी लागली. पाचच्या वर जाऊ नये हे यंत्र सांगतं, एकालाही पाठवू नये हे मात्र मलाच ठरवावं लागतं.

अफवा महाडला नवीन नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात हूल उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण हूल पसरायला वेळ लागला नाही. परतणाऱ्या माणसांवर, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. फोन नव्हता, वीजही नव्हती म्हणावी तशी, तरी एका खोट्या वाक्यानं शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर धावून जायला लावलं. ज्यांना ते वाक्य खरं वाटलं, त्यांना ते खरं वाटावं अशीच त्यांच्या मनाची तयारी झालेली होती. आपल्याला सोयीचं तेच आपण खरं मानतो, हे महाडनं शंभर वर्षांपूर्वी रक्त सांडून पाहिलं आहे.

आणि त्याच दिवशी दुसरी वाटही महाडनं पाहिली आहे. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलटा हात उचलू दिला नाही. संख्या त्यांच्याकडे होती, संताप रास्त होता, तरी त्यांनी आवरलं. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, त्यांचं 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. लाठीचं उत्तर त्यांनी लेखणीनं, विचार करून, नाव लावून दिलं. दरवर्षी २० मार्चला मी स्टेटसला चवदार तळ्याचा फोटो ठेवते. पण त्या दिवसाकडून मी शिकले काय, असं मनाला विचारलं तर उत्तर अवघड जातं. राग आलेला असताना थांबणं आणि थांबून झाल्यावर स्वतःच्या नावानं बोलणं, या दोन्ही गोष्टी आजच्या फोनवर सगळ्यात दुर्मीळ आहेत.

त्या इतिहासातली आणखी एक गोष्ट मला आजकाल फार लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळानं १९२३ मध्ये केला. सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे महाडचे सुरबानाना, नगराध्यक्ष असताना महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर न्याय झाला होता, पण पाणी प्यायला १९२७ उजाडावं लागलं. माणसं पायी चालत तळ्यापर्यंत गेली तेव्हाच त्या ठरावाला अर्थ आला. आज माझा राजकीय सहभाग बहुतेक ठरावाच्याच पायरीवर अडकलेला आहे. लाइक केलं, फॉरवर्ड केलं, स्टेटस ठेवलं, रागाचा इमोजी दिला, की आपण काहीतरी केलं असं समाधान मिळतं. त्या समाधानानं माझे पाय घरातच राहतात.

आमच्या छोट्या गावांत फोननं आणखी एक गोष्ट केली आहे, जी शहरात कदाचित एवढी जाणवत नसेल. मतदान गुप्त असतं, पण पन्नास उंबऱ्यांच्या वाडीचा ग्रुप गुप्त नसतो. नेत्याचा फोटो पडला की कुणी हात जोडले, कुणी नुसतं वाचून सोडलं, हे सगळ्यांना दिसतं. मुंबई मंडळानं 'गावाचा निर्णय' म्हणून मेसेज टाकला की खाली अंगठ्यांची रांग लागते. ज्यानं अंगठा दिला नाही त्याची नोंद कुणीतरी मनात ठेवतं, आणि पुढे नळजोडणीच्या वेळी, वाटेच्या वादात, देवळाच्या वर्गणीत ती आठवली जाते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे जे स्वातंत्र्य कायद्यानं मला दिलं, ते महिनाभर आधी ग्रुपवर आम्हीच एकमेकांकडून काढून घेत असतो. हा दबाव कुणी बाहेरचा माणूस आणत नाही. आमचीच माणसं आणतात, आणि गप्प राहून मीही त्यात असते.

कायद्यानं जेवढं करता येईल तेवढं केलं आहे. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद ठेवावा लागतो. निवडणूक आयोगानं २०१३ मध्येच सोशल मीडियासाठी सूचना काढल्या. उमेदवारानं आपली खाती जाहीर करायची, जाहिराती आधी तपासून घ्यायच्या, त्यांचा खर्च निवडणुकीच्या हिशेबात धरायचा. विधानसभेच्या उमेदवाराला आमच्याकडे ४० लाखांची मर्यादा आहे. पण चुलत भावानं मला पाठवलेला आणि मी बचत गटात टाकलेला मेसेज कुठल्याच हिशेबात येत नाही. कर्णा बंद होतो, जीप उभी राहते, सभेचा मांडव उतरतो आणि शांततेच्या त्या ४८ तासांत माझा फोन सर्वांत जास्त वाजतो. उमेदवार जे बोलू शकत नाही ते माझ्या तोंडून बोललं जातं. कायदा माझ्यापर्यंत पोचत नाही, कारण त्यानं मला प्रचारक मानलेलं नाही, मतदार मानलेलं आहे. त्याचा तो विश्वास मी पाळते का, हे मला विचारायला हवं.

बाई म्हणून मला आणखी काही विचारायला हवं. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्या आजूबाजूच्या कितीतरी गावांत सरपंच बाई आहे. पण ग्रुपवर तिच्या नावापुढचा नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो आणि प्रश्नाचं उत्तरही तोच देतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. तो पैसा आमच्या घरांत खरोखर कामाला आला, मी त्याला कमी लेखणार नाही. पण तेव्हा बचत गटाचा ग्रुप बघता बघता बदलला. अर्ज कसा भरायचा, आधार कुठे जोडायचं, पैसे कधी जमा होणार, या मेसेजांच्या मध्येच कुणाला मत द्यायचं हेही यायला लागलं. योजना सरकारची आहे, पैसा जनतेचा आहे, मत आपलं आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं साधं वाक्य त्या ग्रुपवर लिहायला मी कचरले. कुणाचे पैसे अडतील की काय ही भीती होती, आणि वाईटपणा कोण घेणार हाही विचार होता.

माझं हे गप्प राहणं एका ठिकाणी सगळ्यात जास्त टोचतं. कधी कधी निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या समाजाविरुद्ध विष पेरणारा मेसेज भावकीच्या ग्रुपवर येतो. महाडच्या परिसरात, दासगाव, वहूर, राजेवाडीकडे पिढ्यान्पिढ्या राहणारे मुसलमान आमचे शेजारी आहेत. बाजारात त्यांची दुकानं आहेत, खाडीवर त्यांच्या होड्या आहेत, पुराचं पाणी त्यांच्याही घरात शिरलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या महाडच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली, हेही याच गावचं देणं आहे. हे सगळं माहीत असताना मेसेज टाकणारा दीर आहे, वयानं मोठा आहे, म्हणून मी काही बोलत नाही. नातं जपलं असं मी मनाला सांगते. पण न बोलण्यानं नातं जपलं जातं की विष, याचं उत्तर मला ठाऊक आहे. 'भाऊजी, हे मला पटत नाही, आणि हे खरंही नाही' एवढं मान ठेवून म्हणता येतं. आदर आणि होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढं सगळं पाहिल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. फोननं मला राजकारणापासून दूर नेलेलं नाही, उलट मी कधी नव्हे इतकं राजकारण बघते. मला मुंबईतल्या बैठका माहीत आहेत, दिल्लीतलं कोण कुणाशी बोललं ते माहीत आहे. २ डिसेंबर २०२५ ला महाड नगरपरिषदेच्या मतदानाच्या दिवशी दोन गट एकमेकांना भिडले, तेही मला लगेच कळलं. पण गावच्या ग्रामपंचायतीनं वर्षभरात कुठल्या कामावर किती पैसे घातले, हे विचारलं तर सांगता येणार नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. त्याआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायला हवी, तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवायला हवं. सभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढी लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुढे कितीही कमी माणसांत उरकता येते. शेकडो सभासदांचे ग्रुप असलेल्या गावांत सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, यासारखं दुःख नाही. लोकशाहीनं सामान्य माणसाला स्वतः उभं राहून बोलायची जी एक हक्काची जागा दिली, ती आम्ही रिकामी ठेवली आणि जिथे आमच्या बोलण्याला कुणी बांधील नाही तिथे रात्ररात्र बोलत बसलो.

म्हणून मी काही गोष्टी ठरवल्या आहेत. फोन टाकून देणं हा त्यातला उपाय नाही, तो पुढच्या पुरात पुन्हा लागेल. माझ्या बाजूचा मेसेज मी समोरच्या बाजूच्या मेसेजइतकाच संशयानं वाचीन. पूर्ण बातमी वाचल्याशिवाय तिचा तुकडा पुढे पाठवणार नाही. जे वाक्य मी गावच्या चावडीवर, माझ्या नावानं, सगळ्यांच्या तोंडावर म्हणू शकत नाही, ते ग्रुपवर टाकणार नाही. मतदान संपण्याआधीचे ४८ तास कायद्यानं उमेदवाराला गप्प केलं असेल तर मीही त्याच्या वतीनं बोलणार नाही. कुणी ग्रुपवर अंगठा दिला नाही तर त्याचा अर्थ लावणार नाही आणि माझ्यादेखत दुसऱ्याला लावू देणार नाही. बचत गटातल्या ज्या बायकांना वाचायला अडचण येते, त्यांना मेसेज वाचून दाखवताना त्यात माझं मत मिसळणार नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, आणि विश्वास असलेल्या माणसाचं मत वळवणं फार सोपं असतं.

आणि पुढच्या महिला सभेला मी जाणार आहे, बरोबर चार जणींना घेऊन. तिथे विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत. आमच्या हद्दीतल्या कुठल्या वाड्या दरडीच्या धोक्यात धरल्या आहेत आणि त्यांना पावसाळ्याआधी कुठे हलवणार? एप्रिल-मेमध्ये टँकर कुठल्या वाडीला येतो, आणि दरवर्षी येतो तर कायमची पाण्याची योजना का होत नाही? सरपंचबाईंशी बोलायचं असेल तर त्यांचा स्वतःचा नंबर कोणता? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच फॉरवर्डमध्ये मिळत नाहीत, ती समोर बसलेल्या माणसालाच द्यावी लागतात. विचारल्यावर काही जण नाराज होतील. त्यातले काही मी मत दिलेल्या बाजूचे असतील. त्यांना मी हे प्रश्न सगळ्यात आधी विचारणार आहे.